वाइंडिंगच्या दुकानात शिकाऊ पोरगा रीतसर ठेवायचाय, कसं करावं?

जिंतूर_वाइंडिंग
नमस्कार मंडळी, जिंतूरला आमचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीची तार काढून नवी भरायचं, दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं, आता मी अन् धाकटा भाऊ बघतो. पंखे, कूलर, मिक्सर असतंय थोडंफार पण खरं पोट शेतीच्या मोटारीवर, बोअरमध्ये उतरवायची पाणबुडी अन् वर बसवायची मोनोब्लॉक. रब्बीचं पाणी सुरू झालं की व्होल्टेज पडतंय, कधी एक फेज जातीय, मोटारी जळून येतात अन् मग दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही.

माझ्याकडं तिघं पगारावर आहेत, दोघं वाइंडिंगला अन् एक फिटिंगला. त्यातले मोठे कारागीर आता साठीला आले, बारीक गेजची तार त्यांना चष्मा लावूनही नीट दिसत नाही. ह्या माणसानं वडिलांच्या काळापासून किती मोटारी भरल्या असतील त्याला हिशोब नाही, नुसता जळका वास घेऊन सांगतात पाण्याविना चालून (ड्राय रन) जळालीय का एक फेज जाऊन (सिंगल फेजिंगनं) गेलीय. त्यांचा हात कुणीतरी घ्यायला पायजे अन् तो आत्ताच घ्यायला पायजे, दोन वर्षांनी उशीर होईल.

आता गावाकडून एक माउली लेकराला घेऊन आली. १०वी झालेलं, ११वीला नाव घातलं पण मन लागलं नाही. वय सतरा, दिवाळीत अठरा पूर्ण होतील. घरी कोरडवाहू दोन एकर. ती म्हणाली पैसे थोडे द्या पण काम शिकवा. पोरगं मला आवडलं, समोर उघडून ठेवलेली मोटार बघून चार प्रश्न विचारले त्यानं, ते पण कामाचे.

आमच्या धंद्यात पोरगं ठेवायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभर झाडलोट, चहा, मोटार धुणं, पाना दे, बेअरिंग आण, अन् उस्तादाची मर्जी झाली तर मग मोटारीच्या खाचेत (स्लॉटमध्ये) घालायचा पेपर कापायला देणार. कागद नाही, पगार ठरलेला नाही, पाच वर्षांनी पण त्याच्याकडं दाखवायला काहीच नाही. मला तसं करायचं नाही. सरकारची ॲप्रेंटिस योजना फक्त कंपन्यांना असती का आमच्यासारख्या दुकानाला पण घेता येतंय? पैसे किती द्यायचे, सरकार काही देतं का, वयाचं काय, शॉक बसला तर जबाबदारी कुणाची? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ऐकीव नको.

जालना_फॅब्रिकेशन
भाऊ तुमचा विचार चांगला आहे पण मी माझा अनुभव सांगतो. शटर, ग्रील, शेड अशी कामं आहेत आमची. मी पोरं ठेवली, शिकवली, अन् हात बसला की एक गेला वाळूजला कंपनीत अन् दुसऱ्यानं त्याच रोडला दुकान टाकलं, माझीच गिऱ्हाइकं घेऊन. शिकवायला दीड दोन वर्षं जातात, त्यात माल वाया जातो, रॉड वाया जातात, कारागिराचा वेळ जातो. छोट्या माणसाला हे परवडत नाही. तयार कारागीर दोन पैसे जास्त देऊन आणा असं मी म्हणेन. कागदाच्या भानगडीत पडलात तर उद्या पोरगं म्हणतं मला कायम करा. तेव्हा आधी चौकशी करा अन् मगच हात घाला.

निवृत्त_निदेशक_नांदेड
मी सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. जिंतूरकरांचा प्रश्न वाचून बरं वाटलं, असं विचारणारे दुकानदार नोकरीत असताना फार कमी भेटले.

छोट्या दुकानाला घेता येतं. कायदा १९६१ चा आहे, शिकाऊ उमेदवारी कायदा. २०१४ ला त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ ला नियम बदलले, तेव्हा छोट्यांसाठी दार जरा जास्त उघडलं. आता असं आहे की ज्या ठिकाणी ३० किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्यांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. ४ ते २९ माणसं असतील तर मालकाच्या मर्जीवर, घेतला तर घेतला, सक्ती कुणी करणार नाही. चारपेक्षा कमी असतील तर मात्र ह्या कायद्याखाली घेता येत नाही. तुम्ही तिघं लिहिलेत म्हणून इथंच थांबून विचारतो, तुमच्याकडे आणखी कोण कोण काम करतं? मालक स्वतः धरायचा नाही, भाऊ भागीदार असेल तर तोही नाही. पण ठेकेदारामार्फत असलेला माणूस धरला जातो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पैशाचं सांगतो. पगार म्हणत नाहीत, विद्यावेतन म्हणतात. २०१९ च्या नियमात ५वी ते ९वी शिकलेल्याला महिना किमान ५,०००, १०वी पासला ६,०००, १२वी किंवा आयटीआय झालेल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला ९,००० असे दर ठरले. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राच्या परिषदेनं हे दर ३६ टक्के वाढवायची शिफारस केली, म्हणून करार करायच्या दिवशी ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टल उघडून चालू दर बघा आणि तोच आकडा टाका, दुसऱ्याचा जुना करार बघून टाकू नका.

सरकारचा वाटा नॅप्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून येतो, २०१६ पासून आहे ही. किमान दराच्या २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५००. म्हणजे ६,००० धरले तर १,५०० सरकारचे आणि ४,५०० तुमचे, ७,००० धरले तरी सरकारचे १,५००च, बाकी ५,५०० तुमचे. पूर्वी मालकानं सगळे द्यायचे आणि मग मागणी लावून बसायचं अशी रीत होती, २०२३ पासून सरकारचा हिस्सा सरळ मुलाच्या खात्यात जातो. त्यासाठी त्याचं खातं आधारला जोडलेलं पाहिजे, इथंच सगळ्यात जास्त अडतं, आधी बँकेत जाऊन तेवढं तपासून घ्या.

जालन्याच्या भाऊंनी कायम करा म्हणण्याची भीती लिहिली आहे. कायद्यात शिकाऊ उमेदवार कामगार धरला जात नाही, तो प्रशिक्षणार्थी. करार संपल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही आणि त्याच्यावर राहायलाच पाहिजे असंही नाही, करारात दोघांनी तसं लिहून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. पीएफ, ईएसआयसी हे पण त्याला लागू होत नाही. उलट कागद नसताना पोरगं राबवलं तर तो सरळ कामगार ठरतो आणि मग किमान वेतनापासून सगळं लागू होतं. कागद केला की तुमचंच संरक्षण आहे भाऊ.

जिंतूर_वाइंडिंग
सर लई आभार, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. माणसांचं म्हणाल तर आमची बोअरमधून मोटार काढायची गाडी आहे, त्याच्यावर दोघं असतात. ते ठेकेदाराचे आहेत पण बाराही महिने आमच्याकडंच राहतात, मोटार काढायची नसली की दुकानात फिटिंगला हात लावतात. त्यांचे पैसे मी ठेकेदाराला देतो, तो त्यांना देतो. हे धरतात का?

अन् अजून एक, अठरा पूर्ण व्हायला अजून वेळ आहे, तवर तसंच ठेवलं तर चालतं का, घरची परिस्थिती अशी आहे की आत्ताच चार पैसे मिळाले तर त्यांना आधार होईल.

निवृत्त_निदेशक_नांदेड
धरतात. मजुरीवर तुमच्या आस्थापनेत काम करणारा, मग थेट ठेवलेला असो की ठेकेदाराचा, तो संख्येत येतो. तिघं आणि हे दोघं म्हणजे पाच झाले, तुमचा अडसर गेला. फक्त हे वहीत दिसलं पाहिजे. ठेकेदाराला रोख देत असाल तर आता बँकेतून द्यायला लागा आणि त्याच्याकडून दर महिन्याला माणसांची नावं घालून बिल घ्या. शॉप ॲक्टचा कागद पण नीट करा, २०१७ च्या कायद्यानं तुमच्यासारख्या छोट्या दुकानाला नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिथं माणसांची संख्या लिहावी लागते, ती आणि पोर्टलवरची संख्या जुळू द्या.

आता वय. शिकाऊ उमेदवाराला १४ पूर्ण लागतात आणि धोकादायक उद्योगातल्या ट्रेडला १८. तुमच्याकडं वार्निश आहे, थिनर आहे, टेस्टिंगला थ्री फेज सप्लाय आहे, गाडीवर चेन पुली आहे. मी तुमच्या जागी असतो तर अठरा पूर्ण झाल्याशिवाय करार केला नसता. तोवर तसंच ठेवू का म्हणालात, तर १४ ते १८ च्या मुलाला कामावर ठेवायला बालकामगार कायद्याचे नियम लागतात. दिवसाला विश्रांती धरून ६ तासांच्या वर नाही, सलग ३ तासांनंतर तासभर सुट्टी, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी, आणि धोक्याचं काम अजिबात नाही. हे पाळून आणि वेतन देऊन ठेवता येईल, काउंटर सांभाळणं, मोटारीचा डेटा रजिस्टरला उतरवणं, सामानाची नोंद अशी कामं आहेत. मात्र खरं सांगू का, दिवाळी फार लांब नाही, तेवढ्यात त्याची कागदपत्रं तयार करा, १०वीची गुणपत्रिका, आधार, बँक खातं, आरोग्य तपासणीचा दाखला. अठराच्या आत करार केलाच तर त्याच्यावर आई किंवा वडिलांची पालक म्हणून सही लागते.

त्या माउलीला आणखी एक वाट सांगा. १०वी झाल्यावर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, दोन्ही दोन दोन वर्षांचे ट्रेड, सरकारी आयटीआयची फी कमी असते. तिथून पास होऊन आला तर मूलभूत प्रशिक्षण झालेलंच असतं आणि तुमच्याकडं सरळ कामाचं शिकायला बसतो. आयटीआय न करता थेट घेतलात तर त्याला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं आणि मग दुकानातलं. घरच्यांना पैशाची निकड असेल तर थेट घेणं, दोन वर्षं कळ काढता येत असेल तर आयटीआय. हा निर्णय त्यांना घेऊ द्या, मुलाला समोर बसवून.

शिवणघर_लातूर
जिंतूरच्या दादा, मी लातूरला शाळेचे गणवेश शिवायचं युनिट चालवते, बायका मिळून दहाच्या वर आहोत. माझ्याकडे शिकाऊ मुली रीतसर कराराने होत्या आणि आत्ता पण आहेत. कागदाचं सरांनी सांगितलंच आहे, मी त्याच्यापुढचं सांगते कारण कागद एका दिवसात होतो पण शिकवणं रोज करावं लागतं आणि खरी गडबड तिथंच होते.

पहिली गोष्ट, शिकवणार कोण ते नाव घेऊन ठरवा. सगळेच शिकवतील म्हटलं की कुणीच शिकवत नाही. तुमचे मोठे कारागीर शिकवणार असतील तर त्यांच्याशी आधी नीट बसून बोला. जुन्या माणसाच्या मनात भीती असते की पोरगं तयार झालं की मला काढतील, ती भीती असली की तो तोंडाने हो म्हणतो पण खरी खुबी हाताखालीच झाकून ठेवतो. माझ्याकडे कटिंगच्या मावशी होत्या त्यांना मी शिकवायचे वेगळे पैसे महिन्याला सुरू केले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ह्या आता शिकवणाऱ्या आहेत, त्यानंतर त्यांनी मुलींना जे दिलं ते मी पण देऊ शकले नसते. तुमच्या कारागिरांची नजर कमी झाली असेल तर हा त्यांच्यासाठी पण मान आहे, नजर गेली तरी डोक्यातलं गेलेलं नाही.

दुसरं, काय शिकवायचं त्याचा क्रम लिहून भिंतीला लावा. मला तुमच्या धंद्यातलं कळत नाही पण आमच्याकडे आधी सरळ शिलाई, मग काजं बटणं, मग कॉलर, मग कटिंग असं महिन्यावार आहे आणि प्रत्येक टप्प्यापुढे मुलीची आणि शिकवणारीची सही. प्रगतीची नोंद ठेवणं कायद्यानेही लागतं, पण त्याच्यापेक्षा जास्त उपयोग हा की मुलीला स्वतःला दिसतं आपण कुठवर आलो. पुढचा टप्पा रखडला तर ती विचारू शकते, मावशी माझं कॉलरचं अजून झालं नाही.

तिसरं म्हणजे पैसे. १० तारखेच्या आत मागच्या महिन्याचं विद्यावेतन खात्यात गेलं पाहिजे, नियम तसा आहे. गणवेशाचे पैसे शाळांकडून उशिरा येतात म्हणून मुलींचे थांबवायचे असं मी कधी केलं नाही, त्यांच्या घरी त्या पैशावर किराणा असतो.

आणि शेजारी दुकान टाकण्याबद्दल जालन्याच्या दादांना सांगते. माझ्याकडे शिकून गेलेल्या दोघींनी आपापल्या गावात मशीन टाकली. जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर माझ्याकडून काम उरकत नाही तेव्हा मी कापलेले गठ्ठे त्यांच्याकडे पाठवते, त्यांच्या शिलाईत मला दोष काढावा लागत नाही कारण शिकल्या इथंच. बाहेर द्यायला माणूस तयार असणं ही मोठी सोय आहे. तुमच्या रब्बीच्या गर्दीत पण हे होईल, येलदरीकडच्या एखाद्या गावात तुमच्याच हाताखाली शिकलेला पोरगा बसला असेल तर साध्या मोटारी तो तिथेच भरेल आणि अवघड तुमच्याकडे पाठवेल.

वाळूज_फिटर
मी पोराच्या बाजूनं लिहितो कारण इथं सगळे मालक आहेत. मी गेवराईकडचा. १०वी नंतर एका गॅरेजला होतो, नाव घेत नाही. गाड्या धुतल्या, नट बोल्ट गोळा केले, इंजिन उघडलं की मला बाहेर पाठवायचे सामान आणायला. पैसे कधी मिळायचे कधी नाही. वय गेलं अन् हातात काही आलं नाही, घरी सांगायला पण लाज वाटायची.

नंतर आयटीआय फिटर केलं अन् वाळूजला कंपनीत वर्षभर ॲप्रेंटिस. फरक हा होता की कोणत्या महिन्यात कुठल्या मशीनवर ते आधीच ठरलेलं, चुकलं तर ओरडायचे पण परत दाखवायचे, अन् शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र दाखवलं की कुठल्या पण शहरात समोरचा माणूस खुर्ची देऊन बोलतो. आज मी शिफ्ट सांभाळतो, अन् माझ्या हाताखाली पोरं येतात त्यांना पहिल्या आठवड्यातच व्हर्निअर हातात देतो.

भाऊ तुम्हाला एकच विनंती, पहिल्या महिन्यात त्या पोराला एक पूर्ण काम द्या, कितीबी छोटं असू द्या. जुना टेबल फॅन असेल तर त्याची वाइंडिंग काढणं, वेढे मोजणं, परत भरणं, चालू करून बघणं, सगळं त्याच्या हातानं. पंखा फिरला की पोरगं तुमचं झालं. नुसत्या अर्ध्या अर्ध्या कामानं पोराला कळतच नाही आपण काय करायलोत.

अन् जालन्याच्या दादा, तुमचं पोरगं वाळूजला आलं म्हणता, त्याला इथं किती मिळतं ते एकदा विचारा. भाडं, मेस, गावाकडं जायचं यायचं काढलं तर हातात किती उरतं ते मला ठाऊक आहे. दुकानात त्याच्या आसपास दिलं अन् माणसासारखं वागवलं तर बरीच पोरं घर सोडणार नाहीत, आईबापाजवळ राहायला कुणाला आवडत नाही.

जिंतूर_वाइंडिंग
सगळ्यांचं वाचलं, भावाला अन् कारागीर मामांना पण वाचून दाखवलं. शिकवायचे वेगळे पैसे अन् शिकवणारा म्हणून नाव, हे ऐकून मामा काही बोलले नाहीत पण दुसऱ्या दिवशी स्वतःच वही घेऊन बसले अन् क्रम सांगायला लागले, मी लिहून घेतला तो असा.

सुरुवातीला वाइंडिंग तोडायच्या आधी डेटा घेणं. स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज, पिच किती, कनेक्शन स्टार का डेल्टा, सगळं रजिस्टरला, कारण एकदा तोडल्यावर परत विचारायला कुणी नाही. मामा म्हणतात ज्या पोराचा डेटा चुकत नाही त्याचं पुढचं सगळं सुधारता येतं. मग मायक्रोमीटर धरायला शिकवायचं. त्यानंतर स्लॉट साफ करणं, पेपर कापून बसवणं, फर्म्यावर कॉइल काढणं. मग सिंगल फेजचे पंखे अन् कूलरच्या मोटारी पूर्ण. मग थ्री फेज मोनोब्लॉक, कॉइल घालणं, बांधणी, कनेक्शन, वार्निश अन् सुकवणं. पाणबुडी सगळ्यात शेवटी, तिला वार्निश चालत नाही, पीव्हीसी कोटिंगची तार लागते अन् ती आतून ओढताना जरा जरी कोटिंग सोललं तर मोटार बोअरमध्ये उतरवली की गेली, परत गाडी, परत खर्च, शेतकऱ्याचं पाणी बंद. टेस्टिंग मात्र पहिल्या दिवसापासून बघायला उभं करायचं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) काय दाखवतं, नो लोडला करंट किती घेती, हात लावायचा नाही नुसतं बघायचं अन् लिहायचं.

मोटार कामून जळली ते शोधणं पण मामांनी क्रमात घातलं. ते म्हणतात नुसती भरून दिली अन् शेतात स्टार्टरचा रिले, जो जादा करंटला मोटार बंद करतो, तो बांधूनच ठेवलेला असला तर पंधरा दिवसांत तीच मोटार परत. शेतकऱ्याला ते समजून सांगणं हे पण पोरानं शिकायला पायजे.

आता शेवटचे दोन प्रश्न. सीझनला आम्ही रात्री उशिरापर्यंत थांबतो, लाइट रात्रपाळीला असली तर शेतकरी रात्रीच मोटार घेऊन येतात, पोराला थांबवता येतं का? अन् शॉकचं राहिलंच.

निवृत्त_निदेशक_नांदेड
क्रम वाचून आनंद झाला, मामांना माझा नमस्कार सांगा. आम्ही आयटीआयत हेच शिकवतो पण शेतातल्या स्टार्टरचा मुद्दा आमच्या पुस्तकात इतका ठळक येत नाही.

रात्री थांबवू नका. शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम लावायचा तर शिकाऊ उमेदवारी सल्लागारांची मंजुरी लागते, आणि ते ती प्रशिक्षणाच्या हिताची किंवा सार्वजनिक हिताची असेल तरच देतात. गर्दी आहे हे कारण त्यात बसत नाही. रात्रीच्या गर्दीला पगारी माणूस ठेवा, मुलगा सकाळी ताज्या डोक्यानं आला की त्याच मोटारी त्याला शिकायला मिळतात.

इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून दोन कामं करा. त्याच्या नावानं अपघात विमा काढा, आणि दुकानाच्या सप्लायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लावा, अर्थिंग नव्यानं तपासा. टेस्ट पॅनलला कुलूप आणि चावी मामांकडे. रबरी चटई, बंद बूट. आपल्याकडच्या रिवायंडिंगच्या दुकानांत उघड्या वायरी सॉकेटमध्ये खोचून मोटार फिरवतात, ते मी फार ठिकाणी बघितलंय आणि दर वेळी जीव वर आलाय. शिकाऊ आला ह्या निमित्तानं हे बंद करा, तुमच्या तिघांच्या जिवाला पण तोच धोका आहे.

करार मधेच मोडायची वेळ आली तर तेही आधीच माहीत असू द्या. मालकाकडून अटी पाळल्या गेल्या नाहीत म्हणून करार तुटला तर शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई मुलाला द्यावी लागते. तुमच्यावर ती वेळ येईल असं वाटत नाही, पण त्या माउलीला हे वाचून दाखवा, तिला धीर येईल.

पुढचं काम असं करा. आधी परभणीला सरकारी आयटीआयत जा, शिकाऊ उमेदवारी बघणारे अधिकारी असतात, त्यांना तुमचा क्रम दाखवा आणि कोणत्या ट्रेडमध्ये नोंद करायची ते ठरवा. इलेक्ट्रिशियनसारखा ठरलेला ट्रेड घेता येतो किंवा तुमच्या कामाला जुळणारा ऐच्छिक ट्रेड, दोन्हीची मुदत आणि परीक्षा वेगळी असते. मूलभूत प्रशिक्षण कुठं आणि कधी तेही तिथंच विचारा. मग पोर्टलवर दुकानाची नोंदणी, पॅन, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) किंवा जीएसटी, शॉप ॲक्टचा कागद, बँक खातं हाताशी ठेवा. त्यानंतर मुलाची नोंदणी, करार, दोघांची ऑनलाइन संमती. करार मंजूर झाल्याशिवाय कामाला सुरुवात करायची नाही.

जालना_फॅब्रिकेशन
सगळं वाचून काढलं. लातूरच्या ताईंचं बाहेर काम द्यायचं पटलं, शेड सीझनला मला पण माणसं मिळत नाहीत. माझ्याकडं सहा जण आहेत, दोन वेल्डर अन् बाकी हेल्पर. मला पण एक घेता येईल का, अन् वेल्डिंगला वय किती? उद्यमचा कागद नाही माझ्याकडं, एक जण म्हणतो दोन हजार दे मी काढून देतो.

निवृत्त_निदेशक_नांदेड
सहा आहेत म्हणजे घेता येईल, तेही सगळे वहीत दिसू द्या. वेल्डिंगला अठराच धरा, आणि पहिल्या दिवशी चष्मा आणि हातमोजे त्याच्या नावाचे वेगळे द्या, जुने फाटके नको. आधी टॅकिंग (तुकडे जागेवर धरायला छोटे टाके) आणि ग्राइंडिंग, स्ट्रक्चरच्या जॉइंटला त्याचा हात लागायच्या आधी त्याचे नमुन्याचे तुकडे कापून आत वेल्ड किती उतरलाय ते तुमच्या वेल्डरनं बघावं. उद्यम नोंदणी सरकारच्या पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन असलं की घरी बसून मोबाइलवर होते. त्या माणसाला एक रुपया देऊ नका.